सभासदांच्या नावात मधेच तमिळ म आणि तेलुगू र, सी मधला जुना कोड आहे, मदत हवीय

खटपट्या:
मंडळी नमस्कार. एका पतसंस्थेचं पावत्या नि पासबुक छापायचं सॉफ्टवेअर सांभाळायला घेतलंय. सगळं सी मध्ये, मूळ लिहिणारे काका कधीच रिटायर झाले, कॉमेंट नावाला नाही. जुना सर्व्हर ३२ बिटी लिनक्सचा होता तो शेवटी बसला, म्हणून तोच कोड नव्या ६४ बिटी मशीनवर कंपाइल करून चालू केला. एरर एकही नाही, वॉर्निंग ढीगभर, पण त्या आधीपासूनच होत्या असं ऑफिसातले सांगतात.
तर आता नावं बिघडतायत. काही नावांत मधेच ते चौकोनातलं प्रश्नचिन्ह येतं ते एक. दुसरं म्हणजे काही नावांत चक्क दुसऱ्या लिपीचं अक्षर येतं, एका बाईंच्या नावात म च्या जागी तमिळ म, एका ठिकाणी र च्या जागी तेलुगू र. मॅनेजर साहेब विचारतात तुम्ही काय गुगल ट्रान्सलेट लावलंय का. आणि तिसरं, काही नावांच्या शेवटी गावाचं नाव चिकटून येतं, मधे स्पेस पण नाही, हे जुन्या मशीनवरही अधूनमधून व्हायचं म्हणे.
डेटा सगळा यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत). छोटी नावं बहुतेक ठीक, लांब नाव नि पत्ता असला की लफडं, आणि तेही सगळ्यांचं नाही. कुठून सुरुवात करू?

कोकणकडा:
फॉन्ट बदलून बघा आधी. आमच्याकडे श्रीलिपीचा जुना डेटा होता तेव्हा अशीच गंमत व्हायची.

खटपट्या:
फॉन्ट नाही हो, फाइलमध्येच बिघडलेलं आहे, दुसऱ्या मशीनवर उघडली तरी तेच.

पोपटपंची:
एन्कोडिंगचा घोळ वाटतो. लोकेल (भाषा-एन्कोडिंगचं सेटिंग) सेट आहे का नव्या मशीनवर?

सेगफॉल्ट:
लोकेलने म चा तमिळ म होत नाही. हेक्सडंप (कच्चे बाइट, हेक्स आकड्यांत) काढा बिघडलेल्या नावाचा आणि इथे टाका. फक्त ते अक्षर आणि आजूबाजूचे बाइट, अख्खं नाव नको, सभासदाची माहिती आहे.

खटपट्या:
घ्या. म हवा होता तिथे ई० ए४ एई पाहिजे ना? तिथे ई० एई एई आहे. म्हणजे मधला एकच बाइट वेगळा. आणि तेलुगू र वाल्यात ई० ए४ बी० ऐवजी ई० बी० बी० आहे.

अनुस्वार:
अरे वा, हे भारी आहे!! बघा, दोन्हीकडे मधल्या बाइटच्या जागी त्याच्या पुढचाच बाइट येऊन बसलाय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं. पहिला कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, तिसरा ते चिन्ह कुठलं ते सांगतो. दुसरा बाइट बदलला की लिपीच बदलते कारण भारतीय लिप्या युनिकोडमध्ये एकापाठोपाठ एक ठेवल्यात, आणि त्या सगळ्यांत म, र, न वगैरेंची जागा साधारण सारखीच आहे. म्हणून ई० एई एई हा बरोबर तमिळ म निघाला. न असता तर ई० ए८ ए८ म्हणजे गुरमुखी न झाला असता. स असता तर थायलंडला पोचला असता, ई० बी८ बी८ हे थाई लिपीतलं उकाराचं चिन्ह आहे.
म्हणजे एन्कोडिंगचं रूपांतर वगैरे काही नाही, कोणीतरी एक बाइट खाल्ला आणि शेजारचा दोनदा लिहिला.

निळा_पडदा:
आमच्या टर्बो सी च्या काळात असलं काही नव्हतं, निळ्या स्क्रीनवर सगळं इंग्लिशमध्येच. असो. कोडमध्ये स्ट्रकॉपी (स्ट्रिंग कॉपी करणारं फंक्शन) किती ठिकाणी आहे? बफर ओव्हरफ्लो असणार. सगळीकडे स्ट्रएनकॉपी (तीच, पण बाइटची मर्यादा देता येते) करा, विषय संपला.

सेगफॉल्ट:
काका विषय संपत नाही, उलट सुरू होतो, स्ट्रएनकॉपीवर नंतर येतो.
ओव्हरफ्लोमध्ये शेजारचा डेटा पुसला जातो. इथे स्ट्रिंगच्या मधोमध एक बाइट हरवतोय आणि पुढचा दोनदा येतोय, मागचं पुढचं सगळं जागेवर. ही खूण वेगळी आहे. खटपट्या, दोन गोष्टी सांगा. बिघडलेल्या नावांच्या आधी मूळ इनपुटमध्ये स्पेस होती का? आणि कोडमध्ये स्पेस काढायचं ट्रिमसारखं फंक्शन आहे का?

खटपट्या:
तुम्हाला कसं कळलं?? हो, इनपुट शाखेतून येणाऱ्या टेक्स्ट फाइलमधून येतं आणि त्यात काही ओळींना सुरुवातीला एक-दोन स्पेस असतात. ज्यांना स्पेस नाही ती सगळी नावं ठीक आहेत, आत्ताच तपासलं. फंक्शन असं आहे: जोवर एस चं पहिलं अक्षर स्पेस आहे तोवर स्ट्रकॉपी करा, कुठे तर एस मध्ये, कुठून तर एस अधिक १ पासून. एवढंच. हे चुकलं कुठे? २० वर्षं चाललंय.

सेगफॉल्ट:
हाच तो. स्ट्रकॉपीचा करार असा आहे की जिथून घ्यायचं आणि जिथे ठेवायचं त्या दोन जागा एकमेकांवर यायला नकोत. आल्या तर काय होईल हे स्टँडर्ड सांगतच नाही, म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर. सी९९ पासून तर दोन्ही आर्ग्युमेंटवर रिस्ट्रिक्ट, म्हणजे ओव्हरलॅप नाही असं वचन, लिहिलेलंच आहे. इथे डेस्टिनेशन सोर्सच्या एक बाइट आधी, म्हणजे जवळजवळ पूर्ण ओव्हरलॅप.
जुन्या मशीनवर लायब्ररी बहुधा एकेक बाइट डावीकडून उजवीकडे उचलत होती, त्यात डावीकडे सरकवणं योगायोगाने बरोबर यायचं. नव्या प्रोसेसरवर तीच स्ट्रकॉपी १६ किंवा ३२ बाइटचे तुकडे उचलते आणि शेपटाचा तुकडा कधी आधी, कधी नंतर, लांबी आणि पत्ता बघून ठरवते. तो क्रम तिच्या मर्जीचा.
समजा एक अक्षर एक बाइट आणि तुकडा ४ चा. बफरमध्ये आहे स्पेस, मग अ ब क ड इ फ ग ह. सगळं एक घर डावीकडे हवंय. लायब्ररीने शेवटचा तुकडा आधी हलवला, इ फ ग ह एक घर मागे, म्हणजे ड च्या जागेवर इ बसला. आता पहिला तुकडा उचलायला गेली तर अ ब क आणि, ड नाही, इ! निकाल: अ ब क इ इ फ ग ह. ड गेला, इ दोनदा. तुमचा म असाच तमिळ झाला.

अनुस्वार:
आणि म्हणूनच लक्षणं दोन प्रकारची. तुकड्याचा जोड अक्षराच्या मधल्या बाइटवर पडला तर दुसरी लिपी, पहिल्या किंवा तिसऱ्या बाइटवर पडला तर बाइटची रांगच अवैध, मग चौकोनी प्रश्नचिन्ह. नावात स्पेस किती, जोडाक्षरं कुठे, त्यावर सगळं ठरणार. छोटी नावं एकाच तुकड्यात मावतात म्हणून वाचली.

मुंगळा:
एसटीत सगळे एक सीट पुढे सरका म्हटल्यावर मागचे आधी उठून पुढच्यांच्या मांडीवर बसले असं झालं हे 😂 वाचनखूण साठवली.

पोपटपंची:
पण मग जगभर हे सगळ्यांचंच तुटायला पाहिजे ना? असला ट्रिम मी कॉलेजच्या जर्नलमध्ये पण लिहिलाय, व्हायवात पास झालो.

सेगफॉल्ट:
तुटलंय की. २०१० मध्ये फेडोरा १४ वर ६४ बिटी फ्लॅश प्लेयरमध्ये गाण्यांचा आवाज चिरकायला लागला होता. कारण हेच, फ्लॅशमध्ये ओव्हरलॅप होणारी मेमकॉपी (ठराविक बाइट कॉपी करणारं फंक्शन), आणि ग्लिबसीने, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीने, मेमकॉपी वेगवान करताना क्रम बदलला. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स स्वतः त्या बगच्या चर्चेत उतरला होता, मेमकॉपीच्या जागी मेममूव्हसारखं वागणारं छोटं कोड प्रीलोड करून दाखवलं की आवाज नीट येतो. त्याचं म्हणणं की चालणारे प्रोग्राम तुम्ही मोडले, ग्लिबसीवाल्यांचं म्हणणं की करार तुम्ही मोडला. पुढे ग्लिबसीने जुन्या बायनरींना जुनं वागणं मिळेल अशी सोय केली, नव्याने कंपाइल केलं की मात्र नवीन.
मला विचाराल तर यात लिनसची बाजू जास्त पटते, पण तुमच्या पतसंस्थेच्या कोडला लिनस वाचवायला येणार नाहीये.

खटपट्या:
मग आता मेममूव्ह?

सेगफॉल्ट:
हो. मेममूव्हला ओव्हरलॅप चालतो, त्याचसाठी आहे तो. पण लूपमध्ये एकेक स्पेस काढत अख्खी स्ट्रिंग दर वेळी हलवू नका, दोन स्पेस असल्या की दोनदा बिघडायची संधी आणि वर कामही दुप्पट. आधी एक पॉइंटर पुढे न्या स्पेस संपेपर्यंत, मग एकदाच मेममूव्ह, लांबी स्ट्रलेन अधिक १. ते अधिक १ विसरू नका, स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट पण हलायला हवा, नाहीतर शेपटाला जुनी अक्षरं लोंबतील.
आणि कोडमध्ये असं अजून कुठे आहे ते शोधायला व्हॅलग्रिंडखाली (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) चालवा.

खटपट्या:
चालवलं. गंमत म्हणजे व्हॅलग्रिंडखाली सगळी नावं बरोबर छापली!! पण लॉगमध्ये सोर्स अँड डेस्टिनेशन ओव्हरलॅप इन स्ट्रकॉपी असा ढिगारा आहे. ट्रिम सोडून अजून दोन जागा सापडल्या, एक पिनकोड वेगळा काढताना, एक दुहेरी स्पेस एकेरी करताना.

सेगफॉल्ट:
बरोबरच छापणार, व्हॅलग्रिंड लायब्ररीची स्ट्रकॉपी काढून स्वतःची साधी, एकेक बाइटवाली बसवतं. म्हणून आउटपुट बघून निष्कर्ष काढू नका, लॉग वाचा. ॲड्रेस सॅनिटायझर (कंपाइलरमधलीच मेमरीची तपासणी) लावून कंपाइल केलंत तर तो ओव्हरलॅप दिसताक्षणी प्रोग्रामच थांबवतो, टेस्टिंगला ते जास्त बरं. फॉर्टिफाय सोर्सवर (कंपाइल करताना चालू करायची सुरक्षा-तपासणी) मात्र यासाठी भरवसा नको, तो बफरचा आकार बघतो, ओव्हरलॅप नाही.

कोकणकडा:
फॉर्टिफायवरून आठवलं, त्याच जातीचा अजून एक प्राणी आहे. एसप्रिंटएफ (बफरमध्ये मजकूर जुळवणारं फंक्शन) मध्ये बफर हाच आउटपुट आणि तोच इनपुट, म्हणजे जुन्या मजकुराला पुढे काहीतरी जोडायचं म्हणून स्वतःलाच टक्का-एस मध्ये देणं. उबुंटू ८.१० ने फॉर्टिफाय डिफॉल्ट चालू केल्यावर असा कोड वापरणाऱ्या प्रोग्रामांचा आधीचा मजकूरच उडायला लागला. तुमच्या काकांनी पत्ता जोडताना हे केलेलं असणार, शोधा.

खटपट्या:
केलंय 🙏 चार ठिकाणी. पत्त्याच्या ओळी जोडताना.

निळा_पडदा:
बरं ते स्ट्रएनकॉपीचं काय? आम्हाला तर सांगितलं होतं एन वाला सेफ.

सेगफॉल्ट:
काका ती मूळची वेगळ्या कामाची आहे. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीच्या नोंदीत फाइलच्या नावाला बरोबर १४ बाइट होते. नाव लहान असलं तर उरलेल्या जागेत शून्य भरायचे, पूर्ण १४ चं असलं तर शेवटी शून्य नाहीच. स्ट्रएनकॉपी अगदी तेच करते. म्हणजे सोर्स लांब निघाला तर शेवटचा शून्य घालतच नाही, आणि लहान निघाला तर उरलेला अख्खा बफर शून्यांनी भरत बसते. ठराविक रुंदीच्या खान्यासाठी उत्तम, नेहमीच्या स्ट्रिंगसाठी सापळा.
खटपट्याचं तिसरं लक्षण, नावाला गाव चिकटणं, ते बघा बरं. स्ट्रक्टमध्ये (एका रेकॉर्डच्या खान्यांचा साचा) नाव ६४ बाइट आणि लगेच गाव, असंच आहे ना?

खटपट्या:
हो!! नाव ६४, गाव ४०. आणि नाव स्ट्रएनकॉपीने भरलंय ६४ देऊन. पण सॅनिटायझरने तर इथे काहीच कटकट केली नाही?

सेगफॉल्ट:
करणार नाही. एकाच स्ट्रक्टच्या आत एका खान्यातून दुसऱ्यात वाहणं त्याला दिसत नाही, त्याच्या दृष्टीने सगळी एकच मेमरी. व्हॅलग्रिंडलाही नाही. हे जीसीसी कंपाइलरची वॉर्निंग सांगते, ८ व्या आवृत्तीपासून, की दिलेली मर्यादा डेस्टिनेशनच्या आकाराएवढीच आहे. तुमच्या त्या ढीगभर वॉर्निंगमध्ये ती नक्की असेल, वाचा शांतपणे.

खटपट्या:
आहे. पहिल्याच पानावर.

ठिपका:
मधे घुसतो. आमच्याकडे याच कुळातला एक बग होता तो सांगायलाच हवा. मॅलॉक करताना (मेमरी मागताना) स्ट्रलेन एवढीच, म्हणजे स्ट्रिंगच्या लांबीएवढीच, जागा घेतलेली, अधिक १ नाही. ६४ बिटी ग्लिबसीचा मॅलॉक लहान मागणीला २४ बाइट वापरायला देतो, त्यानंतर ४०, ५६, ७२ असं वाढतं. त्यामुळे बहुतेक नावांना तो जास्तीचा शून्य आपोआप मावायचा. आता विठ्ठल लिहा, व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल, ६ चिन्हं, १८ बाइट, मजेत. पांडुरंग लिहा, बरोबर ८ चिन्हं, बरोबर २४ बाइट, आणि शून्य गेला पुढच्या ब्लॉकच्या आकाराच्या नोंदीत! क्रॅश तिथे नाहीच, नंतर कधीतरी भलतंच काही फ्री करताना. विठ्ठल वाचायचा, पांडुरंग पडायचा, आणि टेस्टर म्हणायचा हे एकच आहेत ना.

मुंगळा:
🤣🤣 हा आजचा बेस्ट प्रतिसाद

अनुस्वार:
शून्य घातला तरी देवनागरीत काम अर्धंच होतं हां. ६४ च्या खान्यात ६३ बाइट वापरायचे, ६३ म्हणजे नेमकी २१ चिन्हं, त्यामुळे नुसती देवनागरी असेल तर कात्री नेमकी अक्षराच्या कडेवर पडते आणि सगळ्यांना वाटतं ठीक आहे. पण नाव आणि आडनावाच्या मधली स्पेस १ बाइटची, एक-दोन स्पेस आल्या की गणित सरकतं आणि अर्धं अक्षर तुटतं. मग पुन्हा चौकोनी प्रश्नचिन्ह, आणि तुम्ही म्हणाल अरे मेममूव्ह केलं तरी बग आहेच.
उपाय सोपा. जिथे कापायचंय तिथला बाइट ८० ते बीएफ या टप्प्यात असेल तर तो एखाद्या अक्षराचा मधला किंवा शेवटचा तुकडा आहे, म्हणून मागे सरका, असा नसलेला बाइट लागेपर्यंत, आणि तिथे शून्य. मी तर एवढ्यावर पण थांबत नाही, शेवटचं चिन्ह हलन्त निघालं तर तेही आणि त्याच्या आधीचं व्यंजन पण काढतो, संगमेश्वरचं संगमेश् झालेलं पासबुकावर फार वाईट दिसतं.

पोपटपंची:
स्ट्रएलकॉपी वापरा की मग, शून्य तरी नक्की.

सेगफॉल्ट:
शून्य नक्की, अक्षर नाही. ती ओपनबीएसडीने १९९८ मध्ये आणली, ग्लिबसीने कितीतरी वर्षं नको नको म्हणत शेवटी २०२३ मध्ये २.३८ मध्ये घेतली. आणि इकडे लिनक्स कर्नलने २०२४ मध्ये स्वतःची स्ट्रएलकॉपी काढूनच टाकली, त्यांची स्ट्रएससीकॉपी २०१५ पासून आहे. कारण स्ट्रएलकॉपी सोर्सची पूर्ण लांबी परत देते, म्हणजे बफर भरला तरी सोर्स शेवटपर्यंत वाचत जाते, आणि सोर्सलाच शून्य नसेल तर भटकत सुटते.
खटपट्या, तुमच्या फाइलमधल्या जुन्या रेकॉर्डना शून्य नाहीये हे लक्षात आलं का? स्ट्रक्ट जसंच्या तसं फाइलवर लिहिलेलं असणार. म्हणजे नुसतं लिहिणारं फंक्शन सुधारून भागत नाही, वाचताना पण ६५ चा बफर घ्या, ६४ बाइट मेमकॉपी करा, ६५ व्यात शून्य. फाइलचा साचा बदलू नका, बाकी रिपोर्ट त्यावर चालत असतील.

रस्टी_खिळा:
हे सगळं रस्ट भाषेत झालंच नसतं.

निळा_पडदा:
आले. वाटच बघत होतो.

रस्टी_खिळा:
सेफ रस्टमध्ये ओव्हरलॅप होणाऱ्या दोन म्युटेबल स्लाइस कंपाइलरच देत नाही, आणि स्ट्रिंग अक्षराच्या मधे कापायला गेलात तर पॅनिक होतो, चुपचाप तुटत नाही. चूक सांगतोय का?

सेगफॉल्ट:
चूक नाही. पण मार्चएंडच्या आत पासबुकं छापायची आहेत त्यांना.

खटपट्या:
बरं अपडेट. ट्रिम आणि बाकी दोन जागा मेममूव्हवर, पत्ता जोडणी वेगळ्या बफरमध्ये, नाव-गाव वाचताना ६५ आणि ४१ चे बफर, कापताना अनुस्वार यांनी सांगितलं तसं मागे सरकणं. सॅनिटायझर शांत. नवीन एंट्र्या एकदम स्वच्छ. पण नवीन मशीन चालू झाल्यापासून ज्या एंट्र्या झाल्या त्या फाइलमध्ये बिघडलेल्याच बसल्यात, शाखेच्या मूळ टेक्स्ट फाइली काही आहेत काही उडवल्यात. त्यांचं काही करता येईल का?

अनुस्वार:
बरंचसं येईल! नियम माहीत आहे ना, एक बाइट गेला आणि तिथे त्याचा पुढचा बसला. तीन शक्यता.
ई० नंतर दोन सारखे बाइट, आणि ते ए४ किंवा ए५ नाहीत, तर मधला मूळचा ए४ होता. ए५ ची शक्यता फक्त मराठी अंक, दंड अशा थोड्या चिन्हांत, उदाहरणार्थ बंगाली द दिसला तर मूळचा द असेल किंवा शून्य आकडा असेल. नावाच्या खान्यात द धरा, घर नंबर असेल तर डोळ्याने बघा. मात्रा आणि हलन्ताचा मधला बाइट गेला असेल तर ई० ८डी ८डी असलं काहीतरी अवैध दिसेल, तिथे ए५ घाला.
ई० च्या जागी ए४ ए४ दिसलं तर पहिला ए४ म्हणजे हरवलेला ई०. सरळ बदला, ए५ ए५ ला पण तेच.
तिसरा बाइट गेला असेल तर मात्र ई० ए४ च्या पुढे थेट पुढच्या अक्षराचा ई० दोनदा येईल. कुठलं अक्षर होतं ते सांगणारा बाइटच गेला. तिथे काही इलाज नाही, ती नावं वेगळी काढा आणि कागदावरून भरा.
आणि स्क्रिप्ट चालवायच्या आधी फाइलची कॉपी ठेवा, प्लीज.

ठिपका:
दोन स्पेस असलेल्या नावांत दोनदा सरकलंय, तिथे सलग दोन बाइट गडबडलेले असू शकतात. त्यांना स्क्रिप्टने हात लावू नका, यादीत टाका.

खटपट्या:
केलं. बरीच नावं आपोआप परत आली, तमिळ म वाल्या बाई पण. उरलेल्यांची यादी काउंटरवर दिलीय, तिथल्या ताई केवायसीच्या फाइली काढून बसल्यात आणि माझ्याकडे बघत नाहीयेत. आता एकच शंका, व्याजाच्या रिपोर्टमध्ये स्ट्रएनकॅट (एका स्ट्रिंगला दुसरी जोडणारं फंक्शन) आहे आणि त्याला पण बफरचा पूर्ण आकार दिलाय, ते चालतं ना?

सेगफॉल्ट:
नाही चालत. स्ट्रएनकॅटला उरलेली जागा द्यायची असते, पूर्ण आकार नाही, आणि त्यातूनही एक वजा, कारण ती शून्य वरून घालते. नवीन धागा काढा, हा फार लांबला.